पायाखालचा स्क्रू

लाईट येईपर्यंत इथेच बसा. टॉर्च बंद करा, बॅटरी उगीच संपेल. पोळ्याच्या रात्री बाहेर हिंडायचं नसतं, पोळ्याची रात्र म्हणजे अमावस्येचीच रात्र.

गडचिरोलीच्या बाजारात गोपालचं घड्याळाचं दुकान होतं. तुमच्यातल्या काहींनी त्याला पाहिलं असेल, शेवटी शेवटी लंगडत चालायचा. का लंगडायचा, ते त्यानं माझ्याजवळ बसून सांगितलं. खोटं बोलायची सवय त्याला होतीच, पण त्या दिवशी तो खोटं बोलत नव्हता.

मागच्या पोळ्याला तो चंद्रपूरला गेला होता, एक टेबल आणायला. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घड्याळ दुरुस्ती शिकवणारं एक छोटं केंद्र होतं. गोपाल तिथेच शिकलेला. मोबाइल आल्यापासून मनगटाला घड्याळ बांधतो कोण? केंद्र बंद पडलं, सामान विकायला निघालं. जुन्या सागवानी टेबलाचा सौदा गोपालनं फोनवरच केला. टेम्पोवाला सणामुळे उशिरा येणार होता. रखवालदार लटारूला बैलांची पूजा करायची होती, म्हणून त्यानं किल्ली गोपालच्या हातात दिली आणि घर गाठलं. गोपाल एकटाच वर्गात गेला. वीज कधीचीच तोडलेली. मोबाइलच्या उजेडात त्याला आपलं टेबल दिसलं. शेजारचं टेबल नव्हतं. तिथली फरशी काळी होती.

शेजारचं टेबल होतं इसरूचं.

सिंदेवाहीकडचा पोरगा, गोपालच्याच बरोबर शिकायला आलेला, तलावावर मासे धरणाऱ्या घरचा. बाप वारलेला. बापाचं चावीचं घड्याळ बंद पडलेलं, ते फडक्यात बांधून घेऊन आला होता. मायनं, वच्छलाबाईनं, एवढंच सांगितलं होतं की बाबाचं घड्याळ चालतं करून आण, रात्री कानाशी घेऊन झोपीन.

त्या वर्गात एक रीत होती. कोणाच्या चिमट्यातून काही उडालं, की त्यानं फक्त "पाय" म्हणायचं. मग सगळे जागच्या जागी थांबत. एकेक पाय उचलून चपलेचा तळ पुसून बघत. घड्याळातला स्क्रू राजगिऱ्याच्या दाण्याहून बारीक असतो. न बघता पाऊल टाकलं की गेला.

आणि गोपालचा एक खेळ होता. इसरू डोळ्याला भिंग लावून, श्वास धरून वाकला, की हा मागून त्याच्या मानेवर फुंकर मारायचा. इसरू दचकायचा. चिमटा सुटायचा. "पाय," म्हणायचा बिचारा, आणि गुडघ्यांवर फरशी चाचपत फिरायचा. वर्ग खदखदून हसायचा. गंमत म्हणत होते त्याला. मी नीचपणा म्हणतो.

शेवटच्या परीक्षेला इसरूनं बाबाचंच घड्याळ घेतलं. सगळं जुळलं होतं. एक स्क्रू बसायचा राहिला होता. गोपालनं फुंकर मारली.

स्क्रू उडाला तो गोपालच्या पायाशीच पडला. गोपालनं तो पाहिला, आणि त्यावर पाय ठेवला.

"पाय," इसरू म्हणाला.

सगळ्यांनी दोन्ही पाय उचलून दाखवले. गोपालनं एकच उचलला.

"गोपालभाऊ, तो पन पाय उचल ना."

"माह्या पायाखाली काई नाई."

श्रावण सरांना ते पटलं. सकाळपर्यंत सापडला तर परीक्षा घेतो, म्हणाले. त्या जुन्या घड्याळाला दुसरा स्क्रू लागणारा नव्हता. गोपालनं संध्याकाळी तो मागच्या नालीत टाकला. का रे असं केलंस, मी विचारलं त्याला. तेव्हाच सांगितलं असतं तर पोरं माझ्यावर हसली असती, म्हणाला. बस, एवढ्यासाठी.

रात्री लोडशेडिंग होतं. पोरं मागच्या खोलीत झोपायची. इसरू वर्गातच शोधत राहिला. त्याचे तळवे फरशीवर घासत होते, सर्र... सर्र... गोपालला ते भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. त्यानं कूस बदलली. इसरूनं मेणबत्ती लावली. घड्याळाचे भाग धुवायची पेट्रोलची वाटी टेबलावरच होती. पेट्रोल असलं की दिवा लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. इसरूलाही शिकवलं होतं. पण हातून गेलेलं शोधणाऱ्याला कशाचं भान राहतं? अंधारात धक्का लागला असेल.

आग बघून पोरं धावली तोवर फार उशीर झाला होता. तो गुडघ्यांवरच सापडला. घड्याळ मुठीत होतं, म्हणून तेवढं वाचलं. ते मायला परत दिलं, बंदच. आणि गोपाल पास झाला.

तर मागच्या पोळ्याला गोपाल त्या वर्गात उभा. टेम्पोची वाट बघत.

मागे आवाज आला.

सर्र...

त्यानं उजेड मागे फिरवला. फरशी रिकामी. आवाज थांबला नाही.

सर्र... सर्र...

भिंतीपासून निघाला. टेबलाच्या पायाला वळसा घातला. जवळ आला. पेट्रोलचा वास सुटला. आवाज त्याच्या चपलेपाशी येऊन थांबला.

खालून, गुडघ्याच्याही खालून, कोणी म्हणालं,

"गोपालभाऊ... पाय उचल ना."

पाय उचलायचा होता पोरांनो. फक्त पाय. एक शब्द खरा बोलायचा होता. इतक्या वर्षांनी का होईना. गोपालचं तोंड उघडलं. आणि त्यातून जुनंच निघालं.

"माह्या... पायाखाली... काई नाई."

...

चपलेभोवती एकदा सर्र झालं.

"नाई? मंग राहू दे तुह्यापाशीच."

आणि मानेवर फुंकर. गरम.

टेम्पोवाल्याला तो दारात बसलेला सापडला, टाच धरून. गडचिरोलीला दवाखान्यात एक्स-रेचा फोटो काढला. टाचेच्या आत एक बारीक स्क्रू. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. डॉक्टरनं टाच चिरून बघितली, आत काही मिळालं नाही. पुन्हा फोटो काढला, तर स्क्रू घोट्याच्या वर. दिवाळीत गोपाल मला फोटो दाखवायला आला, तेव्हा तो मांडीत होता. होळीला बरगडीपाशी. रात्री झोपत नाही भाऊ, म्हणाला, आत कोणीतरी चाचपून राह्यलं. चैत्रात तो गेला. शेवटच्या फोटोत छाती स्वच्छ. स्क्रू कुठेच नव्हता.

मी सिंदेवाहीकडे गेलो होतो नंतर. वच्छलाबाई आता खाटेवरच असते. डोळ्यांना दिसत नाही, हात थरथरतो. उशाशी ते घड्याळ. मी कानाला लावलं. चालत होतं.

कोणी दुरुस्त केलं, विचारलं. चैत्रापासून आपोआप चालून राह्यलं, म्हणाली. मग चावी कोण देते बाई?

ती म्हणाली, "चावी तं त्याची केव्हाचीच तुटली."