गुरुजी, भांडण कशावरून लागलं?

रोशनी, ती मेणबत्ती जरा लांब ठेव. लाइट दहाच्या आत येत नाही, बसा निवांत. आणि तेजल, आधीच सांगतो, हसायचं असेल तर घरी जा. ही गोष्ट पगारे सरांची आहे. दत्तू पगारे. आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे, आणि मी तिथं सव्वीस वर्षं शिपाई होतो. सरांनी मला जे सांगितलं तेच सांगतो, पदरचं एक अक्षर घालत नाही. शेवटचं तर मी या डोळ्यांनी पाहिलंय.

सन नव्व्याण्णव. अठ्ठावीस जून, सोमवार. अमावास्या-बिमावास्या नव्हती, चांगली वटपौर्णिमा होती. वडाला सूत गुंडाळून बाया घरोघरी गेलेल्या.

कारगिल पेटलं होतं तेव्हा. रोज टीव्हीवर तिरंग्यातल्या पेट्या. देवळाली कॅम्पात ज्यांचे नवरे तिकडं गेले होते, त्या बाया पोस्टमन दिसला की दारातच थिजायच्या. आणि आमच्या हेडमास्तरांना काय सुचलं, तर म्हणे शाळेत एका जवानाचं भाषण ठेवू. "पोरांचं रक्त सळसळलं पाहिजे, पगारे!" स्वतःचा मुलगा डॉक्टरकीला घातलेला. दुसऱ्याच्या पोरांचं रक्त सळसळवायला माणसाचं काय जातं?

सर नोकरदार माणूस. गेले. कॅम्पात एक रिटायर सुभेदार राहायचे, त्यांना आमंत्रण द्यायला. सुभेदारांनी चहा पाजला आणि हात जोडले. म्हणाले, "सर, माझा पुतण्या तिकडं आहे. मला भाषण सुचणार नाही." सर खाली मान घालून निघाले. संसरी गावाच्या बाजूच्या आतल्या रस्त्यानं स्कूटर घातली. पावणेनऊ वाजले असतील.

ढग फुटले होते, चांदणं पडलेलं. दोन्ही बाजूंना शेतं. ओढ्यावरच्या मोरीपाशी स्कूटर बंद पडली. सरांनी प्लग काढला, पुसला, किका मारल्या. नाही.

"गुरुजी."

मोरीच्या कठड्यावर एक माणूस बसला होता. खाकी डगला, पिंढरीला पट्ट्या गुंडाळलेल्या. वय म्हणाल तर बावीस-चोवीस. पाय उलटे नव्हते, मनोज, सरांनी नीट पाहिले. एका पायात बूट होता, दुसरा उघडा.

"शाळेत शिकीवता ना तुमी?"

"हो. तुम्ही कोण?"

"पुंजा. इथलाच. एक इचारायचं व्हतं. भांडण कशावरून लागलं?"

सरांना वाटलं, कारगिलचं विचारतोय. ते सांगायला लागले, तर तो म्हणाला, "ते नाय. जर्मनच्या लढाईचं. आमाला दर्यापार बसऱ्याला नेलं, मजूर पलटणीत. रूळ टाकायला, गोळे वाहायला. कोनी सांगितलंच नाय, भांडण कशाचं हाय."

वेडा असावा, सरांना वाटलं. पण मास्तर माणूस. सतरा वर्षं तो धडा शिकवलेला. प्रश्न आला की उत्तर तोंडातून आपोआप पडायचं.

"ऑस्ट्रियाच्या युवराजाला साराजेवो गावात गोळी घातली. एकोणीसशे चौदा, अठ्ठावीस जून..." सरांच्या ध्यानात आलं, आजचीच तारीख. "मारणारा सर्बियाच्या बाजूचा. म्हणून ऑस्ट्रिया सर्बियावर उठला."

"बराबर. ज्याचा मेला तो उठनार."

"सर्बियाच्या पाठीशी रशिया होता. मग ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी उभा राहिला. रशियाचा दोस्त फ्रान्स. जर्मनीनं फ्रान्सवर जायला बेल्जियम तुडवला, म्हणून इंग्लंड उतरलं. तुर्कस्तान जर्मनीला मिळाला..."

"आन मी?"

सरांनी रस्त्याकडं पाहिलं.

"तुमी समद्यांची नावं घेतली, गुरुजी. ह्यो त्याचा दोस्त, त्यो ह्याचा दोस्त. मी कोनाचा?"

"इंग्रजांचं राज्य होतं, बाबा. तेरा लाख माणसं नेली आपली. साठ-सत्तर हजार परत आली नाहीत."

"म्हायती हाय." तो हसला नाही, रडला नाही. "मी नदीकाठी मेलो. हगवनीनं. गोळी पन नाय नशिबी. फुडं सांगा."

ऐकताय ना? तो म्हणाला, मी मेलो. सरळ, जेवलो म्हणावं तसा. सरांचा हात हँडलवरच राहिला. आणि तो म्हणाला...

"उत्तर द्या. मंग जा."

सर सांगत गेले. चार वर्षं खंदकात माणसं कुजली. विषारी वायू सोडला. बगदाद पडलं. अमेरिका उतरली. अठराच्या नोव्हेंबरात जर्मनीनं हत्यार टाकलं.

"म्हंजे जितलं कोन?"

"इंग्रज. आणि त्यांचे दोस्त."

"म्हंजे आमी बी." तो कठड्यावरून पुढं वाकला. "भरती करनारा अंगठा घेताना म्हनला व्हता, पुंजा, सरकारची चाकरी कर, परत आलास की गावात मान भेटंल. आमच्या वाड्याला गावच्या आडाचं पानी भेटंल. भेटलं का?"

पोरांनो, पगारे सरांचा आजा गावकुसाबाहेरच्या त्याच वाड्यातला. त्याला त्या आडावर पोहरा सोडू देत नव्हते. सरांच्या बापालाही नाही. सरांना सगळं ठाऊक होतं, आणि ते पुस्तकात कुठंच नव्हतं.

"गुरुजी... भेटलं का?"

"नाही."

"किती वर्सं?"

"लय वर्षं." सरांच्या तोंडून गावची बोली निघाली. पार घाबरले होते. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पहिल्या महायुद्धात कोणालाच काही मिळालं नाही, बाबा..."

तो उठला.

"पहिल्या?"

वारा थांबला. बेडकं थांबली.

"पहिल्या म्हनलात. म्हंजे... दुसरं बी झालं?"

सरांनी मान हलवली.

"कोनी लावलं?"

"तेच. जवळजवळ तेच देश. वीस वर्षांनी."

"आपली किती?"

"पंचवीस लाख भरती झाली."

सर मला म्हणायचे, रंगनाथ, त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तोंडात मारली असती तरी चाललं असतं. तो नुसता उभा. छाती वर-खाली नाही. आणि तरी संताप... तापलेल्या तव्यासारखी धग येत होती अंगाची. त्या गार रात्री सरांचा शर्ट घामानं चिकटला.

तेवढ्यात तोफखान्याच्या बाजूनं आवाज झाला. धड्डाम. सरावाचा गोळा असेल. कॅम्पात होतो.

त्यानं मान तिकडं वळवली. हळू.

"...ही कितवी?"

सर बोटांवर मोजू लागले, आणि मध्येच सोडून दिलं.

मग मागून पावलं वाजली. एक नाही. दोन नाही. बूट. अनवाणी पाय. कुबड्या. अख्खा रस्ता भरून. जवळ. अजून जवळ. सरांच्या पाठीशी येऊन थांबली. श्वास नाही. खोकला नाही.

आणि पुंजा त्यांना म्हणाला, "गुरुजींना बी म्हायती नाय."

एवढंच.

सरांनी मागं पाहिलं नाही. स्कूटर तिथंच टाकली. घरी कसे पोचले, आठवत नाही. लताबाई, त्यांच्या मंडळी, रात्रभर उशाशी बसून होत्या. सर डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होते.

सकाळी मात्र शाळेत आले. दाढी नाही, डोळे लाल. तडक हेडमास्तरांच्या खोलीत. मी बाहेर स्टुलावर होतो, शब्द न् शब्द ऐकला. "भाषण होणार नाही. तुम्हाला फार हौस असेल तर आधी तुमचा मुलगा भरती करा, मग मी स्वतः टाळ्या वाजवतो!" माझ्या अख्ख्या नोकरीत त्या खोलीत असा आवाज कुणी चढवला नव्हता. सर टेबलावर मूठ आपटून बाहेर आले. ती रात्रीची भीती नव्हती रे. चीड होती ती. बापाची, आजाची, सगळी साठलेली.

तसेच ते नववी ब वर गेले. पोरांना म्हणाले, महायुद्धाचा धडा काढा. त्यातली युद्धाची पाच छापील कारणं खोडायला सांगणार होते. आज खरं शिकवतो, म्हणाले.

पहिल्या बाकावरची तृप्ती उभी राहिली. "सर, माझं पुस्तक खराब आहे."

मागून एक पोरगा, "सर, माझं पण."

मग सगळा वर्ग पानं उलटू लागला.

"रंगनाथ..." सरांची हाक आली. मी धावत गेलो. पुस्तकं कोरी होती, जूनमधली. त्याच आठवड्यात गठ्ठ्याची सुतळी मी माझ्या हातानं कापली होती. पोरांनी बाकांवर ती उघडी धरली होती. मी बाकाबाकावरून फिरलो.

अठ्ठेचाळीस पुस्तकं. त्या पाच कारणांच्या खाली, जिथं जागा मोकळी होती, तिथं प्रत्येकात एक निळा अंगठा उमटलेला. एक रुंद. एक आडवा चिरलेला. एक अर्धाच. एकासारखा दुसरा नाही.

मी एकाला बोट लावलं...

शाई ओली होती.