पुतळाबाईचा सांगावा

भाग्यश्री, तुझ्या आईचं, आमच्या सविताचं, पोटाचं आप्रेशन झालं ते दोन हजार चार साल. तुला दुसरं वरीस लागलं होतं. ओझरच्या द्राक्षबागेत भुरीचं, त्या पांढऱ्या बुरशीचं, औषध मारून झालं की मी भाकरी बांधून नाशकाच्या दवाखान्यात जायची. सविताच्या मानेत सलाईनची नळी, अंगात ताप. बारा दिवस उतरेना. डॉक्टर म्हणाले, "आजी, हिच्या रक्तात बुरशी झालीय. औषध देतोय, पण लागू पडत नाही."

त्या दिवशी भर दुपारी लाईट गेली. पंखे थांबले. वॉर्ड असा गप्प, की सलाईनचा थेंबही ऐकू यावा. मग कुबट वास आला, पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीसारखा. समोरच्या रिकाम्या खाटेवर एक म्हातारी बसली होती. कधी आली, कळलं नाही.

"बाग हाय ना तुझी?" ती हळूच म्हणाली.

"हाय."

"एकच औषध मारत राहिलं, तर भुरी जाते?"

"नाय... सरावते. औषध बदलावं लागतं. रोगट काडी छाटावी लागते."

"मग सांग की डॉक्टरला. ती मानेतली नळी... काडीच हाय ती."

"मी अंगठाबहाद्दर. हसतील मला."

"हसू दे. पोर जाण्यापरीस बरं. सांग, सायखेड्याच्या पुतळाबाईनं..."

लाईट आली. खाटेवर कोणी नव्हतं. चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती.

तशीच डॉक्टरकडं गेले, सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले. मग हसू थांबलं. "तपासणीचा कागद उद्या येईल. पण नळी काढायला तोवर थांबायला नको," म्हणाले. संध्याकाळीच नळी काढली, औषध बदललं. देव त्यांचं भलं करो. चौथ्या दिवशी सविता म्हणाली, "आई, भूक लागली गं." मी पदर तोंडात कोंबून रडले.

पुढं साडी-चोळी, नारळ घेऊन सायखेड्याला गेले. पुतळाबाईचा मुलगा मल्हारी ओट्यावर बसला होता. त्यानं सांगितलं, आई त्याच वॉर्डात, तसल्याच तापानं, आदल्या पोळ्याला वारलेली. मी साडी तिच्या फोटोपुढं ठेवली, डोकं टेकवलं.

मल्हारी म्हणाला, "आजी, अशा येणाऱ्या तुम्ही तिसऱ्या. आईनं काही मागितलं का तुमच्याकडं?"

"नाय रे बाबा."

त्यानं मान खाली घातली. "मग... मागायचं बाकी हाय."

मागू दे बाई. तिच्यामुळं तू आईच्या मांडीवर वाढलीस. तेव्हापासून भर दुपारी कडी वाजली की मी आधी हात जोडते, मग दार उघडते. बाहेर कोणी नसतं. फक्त अलीकडं, कडी वाजायच्या जरा आधी, तुझ्या आईच्या मानेवरची नळीची खूण ओली होते, आणि तोच कुबट वास येतो.