तोफवाल्याचा भुंगा

त्या वस्तूला हात लावू नकोस. ठेव खाली. हां, तशीच, उभी. टॉर्चसारखी दिसते, पण टॉर्च नाही ती. बुडाशी हिरवा दिवा दिसतोय ना? म्हणजे चार्जिंग पूर्ण झालंय. वायर मी आत्ताच काढली.

आता बसा सगळे. कालपासून तुमची कुजबुज चाललीय, ती काय मला कळत नाही? मागच्या सुट्टीत जिच्या बडबडीने तुमचे कान किटले होते, ती धाकटी आजी आता चहासुद्धा पाटीवर लिहून का मागते, हेच ना? सांगतो. ती वर गोळी घेऊन झोपलीय. मात्र मधेच ‘आजोबा, खरंच का’ असं विचारायचं नाही. खरं आहे म्हणून तर सांगतोय. आणि माझी मेहुणी आहे म्हणून तिला पाठीशी घालणार नाही. तुमची आजी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकतेय, तरी नाही.

गेल्या नोव्हेंबरातली बारा तारीख. बुधवार. रात्रीची जेवणं आटोपली होती. मेहुणी ओट्यावर फडकं मारत होती आणि तिचा फोन वाजला.

ती माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात कानांच्या आणि वाचेच्या विभागाची प्रमुख होती, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तोफांनी कान गेलेले, डोक्याला मार बसून बोलणं अडखळलेले, गळ्याच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलेले, सगळे तिच्या हाताखालून जायचे. काम चोख. लोक तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे जमादार.

फोन एका पेशंटच्या मुलीचा होता. बाप फौजेत ट्रक चालवायचा. आठवड्यापूर्वी त्याचं स्वरयंत्र काढलेलं. मुलगी परदेशी निघाली होती, पहाटेचं विमान. ती म्हणाली, “मॅडम, बाबा मघापासून काहीतरी सांगू बघतायत. लिहिता येत नाही, हात थरथरतो. जाण्याआधी एकदा त्यांचं बोलणं ऐकायला मिळालं तर...”

मेहुणीने शाल घेतली, गाडीची किल्ली घेतली. “पाऊण तासात येते,” म्हणाली. नवरा म्हणाला, “सकाळी जा की.” तर म्हणे, “सकाळी ती मुलगी नसेल.” मन वाईट नव्हतं तिचं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला राक्षसीण ठरवाल.

आता ही वस्तू. स्वरयंत्र काढलेला माणूस गळ्याला पाडलेल्या भोकातून श्वास घेतो. तोंडातून आवाज निघत नाही. मग हे यंत्र गळ्याला दाबायचं, बटण दाबायचं. ते गुणगुणतं. ओठ हलवले की त्या गुणगुणीचे शब्द होतात. सूर मात्र एकच. शिवी द्या नाहीतर लेकीला लाडाने हाक मारा, भुंगा गुणगुणल्यासारखंच. म्हणून वॉर्डात त्याचं नाव भुंगा. नव्या पेशंटला शिकवायची रीत अशी, की शिकवणाऱ्याने आधी आपल्या गळ्याला लावून दाखवायचं. श्वास धरायचा, आपला आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. मेहुणीच्या हे अंगवळणी पडलेलं.

त्या रात्री कपाटात एकच भुंगा शिल्लक होता. तो कोणाचा, हे कळायला जून महिन्यात जावं लागेल.

जूनमध्ये त्या वॉर्डात एक म्हातारा होता. तोफखान्यातला, म्हणून सगळे तोफवाला म्हणायचे. एके काळी त्याचा हुकूम मैदान ओलांडून जायचा म्हणे. कॅन्सरने तो आवाज नेला. पण माणूस मिस्कील. भुंग्यातून म्हणायचा, “बायको म्हणायची, हळू बोला. आता ऐकायला ती नाही आणि ओरडायला मी नाही.” त्याच्या खाटेजवळची घंटा बिघडलेली. वायरमनला दोनदा सांगितलं, तर तो म्हणाला, “आजोबांकडे भुंगा आहे की.” खोटं नव्हतं. रात्री काही लागलं की म्हातारा भुंगा खाटेच्या पत्र्याला लावून बटण दाबायचा, पत्रा घणघणायचा, आणि सिस्टर येऊन बघायची.

जूनमध्ये वरून मोठी माणसं विभाग बघायला यायची होती. त्यांच्या पसंतीवर नवी इमारत मिळणार होती, आणि त्या इमारतीसाठी मेहुणीने दहा वर्षं चपला झिजवल्या होत्या. टेबलावर सगळं लखलखीत दिसलं पाहिजे. म्हणून आदल्या संध्याकाळी तिने वॉर्डातली सगळी कानांची यंत्रं पुसायला गोळा केली. आणि तोफवाल्याचा भुंगा. तोच सगळ्यात नवा होता.

म्हाताऱ्याने तो सोडला नाही. गळ्याला लावून म्हणाला, “रात्री नको. सकाळी ने.”

मेहुणी हसली. त्याच्या हातावर थोपटलं. “एका रात्रीचा तर प्रश्न आहे, आजोबा. रात्री काय बोलायचंय तुम्हाला?”

फौजेतला माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. त्याने मूठ उघडली.

त्या रात्री गळ्याच्या भोकात कफ अडकला. त्याला हाक मारता येईना. घंटा बंद. भुंगा नाही. हाताशी स्टीलचा पेला होता, तो त्याने खाटेच्या कठड्यावर आपटायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंना खाटा भरलेल्या, पण सगळ्यांचे कान विभागात, डब्यात. रात्रीची सिस्टर एकटी, वॉर्ड दोन, आणि ती तेव्हा दुसऱ्या टोकाला सलाईन लावत होती. सकाळी पेल्याचा काठ पार चेपलेला होता. म्हातारा गेलेला.

चौकशी झाली. तिथे मेहुणीने जे केलं ते मला अजून पचत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाली, “भुंगा त्यांनी आपणहून दिला. आणि आज रात्री यांच्यावर नजर ठेव, असं मी सिस्टरला बजावलं होतं.” बजावलं कुठलं, सिस्टरशी ती एक शब्द बोलली नव्हती. सिस्टरने शपथा घेतल्या, रडली. मॅडमपुढे तिचं कोण ऐकतंय? नोकरी गेली. माणूस मारल्याचा डाग घेऊन ती घरी बसली. इकडे इमारत मंजूर झाली. मेहुणीला वाटलं, संपलं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?

आता या परत बुधवारच्या रात्रीत.

मेहुणी विभागात आली. कान तपासायची एक खोली असते. जाड दार, भिंतींना गाद्या. आत बसलं की बाहेर बँड वाजला तरी कळू नये, अशी. कपाट त्याच खोलीत. ती आत गेली, सवयीने दार ओढून घेतलं, भुंगा काढला. बटण दाबून बघितला. गुणगुणला. बंद केला.

आणि आवाज आला.

टण्... टण्... टण्...

लोखंडावर स्टील. सावकाश. दमलेल्या माणसाने आपटावं तसं.

तिने जन्मभर दुसऱ्यांचे कान तपासले. या खोलीत बाहेरचं काही येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने दार उघडलं. बाहेर शांतता. दार लावलं... टण्... टण्...

आवाज आतच होता.

ती झपझप वॉर्डाकडे निघाली. मनाशी म्हणत होती, थकवा आहे, दुसरं काही नाही. वॉर्डात दिवे मंद केलेले. अशा वेळी तिथे नुसतं घोरणं असतं. त्या रात्री कोणी घोरत नव्हतं.

सगळे म्हातारे उठून बसले होते.

यंत्रं उशाशी, डब्यात. एकाच्याही कानात काही नाही. आणि सगळ्यांच्या माना एकाच खाटेकडे वळलेल्या. ट्रकवाल्याच्या. पूर्वी तोफवाल्याची होती ती.

दाराजवळच्या म्हाताऱ्याने तिची शाल धरली. ठार बहिरा माणूस. तो म्हणाला, “बाई, केव्हाचं वाजतंय. कोणी उठून बघत का नाही?”

तिने शाल सोडवून घेतली.

ट्रकवाल्याची मुलगी खाटेशी उभी होती. तिला काही ऐकू आलेलं नव्हतं. बापाचे पहिले शब्द टिपायला तिने मोबाइल समोर धरला होता, रेकॉर्डिंग चालू. ट्रकवाला मेहुणीकडे आशेने बघत होता. तिला हायसं वाटलं. हे आपलं काम. रोजचं. तिने भुंगा आपल्या गळ्याला लावला. “बघा हं, काका. आपला आवाज काढायचा नाही. नुसते ओठ.”

बटण दाबलं.

तिला म्हणायचं होतं, ‘नमस्कार, मी मॅडम.’ नेहमी तेच म्हणायची.

ओठ हलले.

“मी... तोफवाला.”

मुलगी हसली. तिला वाटलं, मॅडम गंमत करतायत.

मेहुणीने हात ओढला. हात निघेना. बोट बटणावरून उठेना. हात तिचा... ओठ तिचे...

“रात्री नको म्हणालो. सकाळी ने म्हणालो. हिने नेला.”

एकच सूर. ना राग, ना रडू. भुंग्याला ते येतच नाही.

“सिस्टरला हिने काही सांगितलं नव्हतं. हिने खोटं सांगितलं. त्या पोरीचं वाटोळं केलं.”

वॉर्डातले म्हातारे ऐकत होते. एकेक शब्द. एकाने मान हलवली.

“रात्री काय बोलायचंय, विचारलंस.”

थांबला.

“हे बोलायचं होतं.”

मेहुणीने किंचाळायला तोंड उघडलं. तोंड उघडलं... नुसतंच.

“आता तू आपट पेला.”

भुंगा बंद पडला. हात सुटला. ती खाली बसली. तोंड उघडं, डोळे फाटलेले. आवाज नाही.

तो आजतागायत नाही. घशात कॅमेरे घालून झाले. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्र ठणठणीत आहे, बोला. ती तोंड उघडते आणि वारा तेवढा बाहेर येतो. मुलीचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी सिस्टरला सन्मानाने परत बोलावलं. मेहुणीला घरी बसवलं. आणि हा भुंगा त्या वॉर्डातला एकही माणूस घेईना, म्हणून तिच्याबरोबर घरी आला.

बरं झालं, म्हणता? मलाही तसंच वाटलं होतं. अजूनही वाटतं, चारचौघांत म्हणत नाही एवढंच. पण तोफवाल्याचं भागलेलं नाही.

हे सगळं तिने मला पाटीवर सांगितलं. लिहायची, पुसायची, परत लिहायची. मग एके दिवशी तिने मोठ्या अक्षरांत ‘माझं चुकलं, मला माफ कर’ असं लिहिलं आणि ती पाटी घेऊन मी स्वतः त्या सिस्टरच्या घरी गेलो. तिने पाटी वाचली. उंबऱ्यातूनच परत दिली. म्हणाली, “मला पाटी नको, काका. ज्या तोंडाने माझ्याबद्दल खोटं सांगितलं, त्याच तोंडाने येऊन सांगू दे. भुंग्यातून सांगितलं तरी चालेल.”

काय चुकलं तिचं? काही नाही.

तेव्हापासून मेहुणी एवढ्या एकाच गोष्टीवर जगतेय. दुसरे भुंगे आणून पाहिले, तिच्या गळ्यावर ते गुणगुणतच नाहीत. हाच गुणगुणेल असं तिला वाटतं. रोज रात्री मी हा पूर्ण चार्ज करतो. हिरवा दिवा लागला की वायर काढतो आणि इथे उभा ठेवतो. वर तिच्या खोलीत नेऊ देत नाही. सकाळी ती आंघोळ करून, केस विंचरून, बाहेरचे कपडे घालून खाली येते. सिस्टरकडे जायला निघाल्यासारखी. भुंगा गळ्याला लावते. बटण दाबते.

दिवा लाल. रिकामा. रोज. रात्रभर कोणीतरी बोलून बोलून संपवल्यासारखा.

दुरुस्तीवाल्याने तीनदा तपासला. म्हणाला, काका, यात काही बिघाड नाही, एकदा भरला की दिवसभर बोलता यावं. मी दोन रात्री इथे खुर्ची टाकून बसलो. मला काही ऐकू आलं नाही. पण माझे कान आता कुठे पहिल्यासारखे राहिलेत? तुमची आजी हाका मारून दमते. तुम्ही तरुण, तुमचे कान शाबूत. म्हणून मुद्दाम आज तुम्हाला इथे बसवलं. मी बोलत होतो तेव्हा मधे काही...

का ग? अशी काय बघतेस?

माझ्या मागे? भुंग्याकडे?

मी तर इथून उठलोही नाही. तुम्हीही नाही. मघाशी तूच हातात घेतला होतास ना, रे? तेव्हा दिवा हिरवा होता. तू पाहिलास, मी पाहिला.

आता लाल आहे.