अर्जातली द्वारकाबाई

“द्वारकाबाई रामराव शेजूळ... नातं भावजय, उत्पन्न काही नाही, अवलंबून. बरोबर ना, मावशी?”

बँकेकडून चौकशीला आलेल्या माणसानं मांडीवरच्या अर्जातून मान वर न करताच विचारलं, आणि मस्तगड भागातल्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात भिंतीला टेकून बसलेल्या द्वारकाबाईनं चमकून वर पाहिलं. अवलंबून...! वाचता येत नसलं तरी ऐकायला तर येत होतं. नवरा गेला तेव्हा दीर धर्मराज नऊ वर्षांचा होता, आणि त्या दिवसापासून सतरा पावसाळे तिनं कपाशीच्या बीजप्लॉटवर उन्हात उभं राहून त्याला शिकवलं, वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं. त्याच धर्मानं आपल्या हातानं हा शब्द लिहिला होता, आणि तिच्या मुक्या अंतःकरणाला तो सोसवेना.

“असू द्या,” ती म्हणाली.

आदल्या दिवशी धर्मराजनं तिला सगळं पढवून ठेवलं होतं. क्रेडिट कार्डासाठी अर्ज केलाय, माणूस घरी येईल, धर्मराज बियाणे कंपनीत परमनंट आहे, पगार बारा हजार, एवढंच सांगायचं. खरं म्हणजे तो हंगामी होता. जूनमध्ये कंपनी बोलवायची आणि फेब्रुवारीत ‘पुढच्या हंगामात या’ म्हणून साडेतीन हजारांची नोकरी थांबवायची. पण सोयरीक जुळताना परमनंट सांगून झालं होतं, मेव्हण्यानं दिवाळीला पाकिटातून कार्ड काढून दाखवलं होतं, आणि तेव्हापासून या पोराच्या डोळ्यासमोरून ते चकचकीत कार्ड हलायला तयार नव्हतं. यंदा प्लॉटवर जायचं नाही, असंही त्यानं बजावलं होतं. जाता जाता तिच्या अंगठ्याकडे बघून तो हळूच म्हणाला होता की तेवढं नख कापून टाका, बरं दिसत नाही.

ते नख म्हणजे तिचं अवजार होतं. संकरित बियाण्यासाठीचं क्रॉसिंग म्हणजे दुपारी त्याच नखानं कपाशीच्या कळीतलं केसर सोलून काढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलाचा पराग त्यावर फिरवायचा आणि काम झालं या खुणेला देठाला दोरा बांधायचा. ऐन हंगाम तोंडावर असताना तिनं काही न बोलता ब्लेड घेतलं आणि नख कापलं. धर्मासाठी तिनं याहून जास्त दिलं होतं, पण कापलेल्या नखाकडे बघून तिला पहिल्यांदाच रडू आलं.

चौकशीवाला पुढे सरकला होता. साहेब कंपनीत कायम आहेत ना, बारा हजार मिळतात ना, असं विचारून त्यानं सवयीनं पुस्ती जोडली की खाली साहेबांची सही आहे, खोटं निघालं तर सगळं त्यांच्यावरच येतं. स्वयंपाकघरात धर्मराजच्या बायकोच्या, कांताच्या, हातातली कपबशी वाजायची थांबली. पढवलेलं उत्तर द्वारकाबाईच्या ओठांवर आलं होतं... पण ज्या फुलाचं काम झालं नाही त्याला तिनं सतरा वर्षांत कधी दोरा बांधला नव्हता. आणि इथं तर सही तिच्या धर्माची होती.

“आठ महिने असतो कंपनीत,” ती खाली मान घालून म्हणाली. “मंग घरी असतो. साडेतीन हजार मिळत्यात. पोरगं चांगलं हाये, साहेब.”

चार दिवसांनी कार्ड नाकारल्याचं कळलं. धर्मराज घरी आला तो चप्पलही न काढता तिच्यासमोर उभा राहिला.

“एवढंसं बोलायचं व्हतं, वहिनी. तेबी झालं न्हाई तुमच्यानं?”

“खाली तुही सही व्हती, धर्मा.”

“तुम्हाला काय कळतंय कागदातलं!”

आपण रागानं तर खरं बोललो नाही ना, त्या एका शब्दाचा सूड तर घेतला नाही ना, असं ती व्याकूळ होऊन स्वतःलाच विचारत राहिली. सकाळी पिशवीत दोन लुगडी घातली, हंगाम लागलाय एवढंच कांताला सांगितलं आणि जांब समर्थ गावाकडची गाडी धरली. धर्मराज दारात होता, पण त्यानं थांबवलं नाही.

पंधरा दिवस गेले. तिथल्या तातेराव नावाच्या शेतकऱ्याच्या प्लॉटवर तिला ओळखीमुळं लगेच काम मिळालं होतं. बिननखाच्या अंगठ्यानं फुलं सोलून सोलून कातडं फाटलं, तरी चिंधी बांधून ती ओळ पुरी करायची. अशाच एका सकाळी कंपनीचं रजिस्टर घेऊन तपासणीला जो माणूस आला, तो धर्मराज होता.

तातेरावला नातं ठाऊक नव्हतं. तो आपला सांगत होता, “साहेब, त्या बाईची ओळ तपासत टाइम घालवू नका. तिनं दोरा बांधला म्हंजे काम झालेलंच असतंय.”

धर्मराज ओळीतून चालत तिच्याजवळ आला. तिनं हात पदराखाली घेतला, पण चिंधीवरचं रक्त त्याला दिसलंच. आपण काय कापायला लावलं होतं, ते त्याला आत्ता कळलं. तो बांधावर बसला आणि डोळ्यांतलं पाणी न पुसताच सांगत राहिला... तुम्ही गेल्यापासून कांता माझ्याशी बोलत नाही, मेव्हण्याला मी हंगामी असल्याचं स्वतः सांगून आलो, नवा अर्ज भरलाय. मग खिशातून घडी काढून त्यानं वाचायला घेतलं.

“नोकरी हंगामी, आठ महिने. पगार साडेतीन हजार. घरातली दुसरी कमावती व्यक्ती...” त्यानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. “द्वारकाबाई रामराव शेजूळ. काम, बीजप्लॉटवर क्रॉसिंग. सतरा वर्षं.”

तिचा हात पदराखालून बाहेर आला.

“आन् अवलंबून?”

“तिथं माझंच नाव लिहिणार व्हतो, वहिनी. पण अर्ज करणाऱ्याला सोताचं नाव तिथं लिहिता येत न्हाई.”

द्वारकाबाईनं चिंधीचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. लहानपणी ताप आला की ठेवायची, तसाच.

“मिळंल का रे कार्ड?”

“न्हाई मिळणार बहुतेक.”

“ऱ्हाऊ दे मंग,” ती म्हणाली आणि हातातला दोरा बांधायचा विसरून त्याच्याजवळ बसली. “परत वाच बरं... माझं लिव्हलंय तेवढं.”