मागचा डावा स्पीकर

आमच्या लोखंडी पलंगाच्या उशाकडच्या दांडीवर एका जागी रंग उडालेला आहे. अकरा मिलिमीटर लांब, चार मिलिमीटर रुंद. मी पट्टी लावून मोजलं आहे.

सुरुवात इथून करते, कारण या सगळ्यातली एवढी एकच गोष्ट आजही कुणाला दाखवता येईल. बाकीचं खरं मानायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी कान तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. आवाज मोजणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही.

पण हे घडलं. रविवारी, दुपारी साडेचारला, लख्ख उजेडात. बाबांच्या खोलीत.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. त्या हातातली अंगठी ते पलंगाच्या दांडीवर आपटायचे. एकदा वाजली म्हणजे 'ठीक आहे'. दोनदा म्हणजे पाणी. तीनदा म्हणजे 'इकडे या'.

अडीच वर्षं आमचं घर या तीन आकड्यांवर चाललं.

वहिनी शाळेत शिकवते, मी प्रयोगशाळेत. दिवसा घरी फक्त दादा. तो घरूनच काम करायचा, बाबांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाला पाठ करून.

निघताना मी रोज सांगायची, "दादा, कान उघडे ठेव हं."

"जा गं मोजपट्टी. माझे कान काय भाड्याने दिलेत?"

लहानपणापासून तो मला मोजपट्टीच म्हणतो.

बाबा एका मंगळवारी दुपारी गेले. मी धावत घरी पोचले तेव्हा दादा दारातच उभा होता. म्हणाला, "शेजारीच होतो मी. झोपेतच गेले. हूं की चूं केलं नाही."

त्या वाक्यावर मी आठ महिने तग धरला.

म्हणूनच, त्याने जेव्हा बाबांच्या खोलीत सिनेमा बघायला सराउंड साउंड लावायचं काढलं, तेव्हा मला राग आला नाही. पाच स्पीकर आणि एक बेसचा डबा असा संच त्याने आणला. पण त्याच्या कॉम्प्युटरला आवाजाचं एकच हिरवं भोक. त्यातून दोनच स्पीकर चालणार. सहा वेगळे आवाज हवे असतील तर वेगळं साउंड कार्ड हवं.

"तू निवड," तो म्हणाला. "तुला त्यातलं कळतं."

मी तीन आठवडे घेतले. बाहेरून जोडायचं कार्ड सोपं असतं, पण मला आत, मदरबोर्डवर बसणारं हवं होतं. पुढच्या, मागच्या आणि मधल्या स्पीकरांना वेगळी जोडणी असलेलं. काही वाजत नसताना स्वतःची खरखर कमीत कमी करणारं. मी आकडे काढले, तक्ता केला.

वहिनी म्हणाली, "वन्सं, स्थळं बघताना एवढी चौकशी केली असतीत, तर एव्हाना तुमची मुलं शाळेत गेली असती."

"स्थळांची खरखर मोजता येत नाही, वहिनी."

कार्ड माझ्याकडून भेट होती. बाबांच्या शेवटच्या क्षणी जो त्यांच्याजवळ होता, त्याला.

आणखी एक सांगायला हवं. दूरच्या एका शहरातल्या संस्थेने मला बोलावलं होतं. ते पत्र पाच महिने माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. दादा म्हणायचा, "आता आपण दोघंच उरलो. तू गेलीस तर घर खायला उठेल." मी उत्तर लांबवत राहिले.

त्या रविवारी मी कार्ड बसवलं. हिरवी पिन पुढच्या स्पीकरांची. काळी मागच्या. नारिंगी मधल्या स्पीकरची आणि बेसची. दादाची खुर्ची मधोमध ठेवली. खुर्चीपासून दोरा ताणून, कोनमापक लावून एकेका स्पीकरची जागा खुणेने पक्की केली.

मागच्या डाव्या स्पीकरची जागा आली खिडकीजवळ.

बाबांची उशी जिथे असायची, तिथे.

पलंग तेव्हा खोलीत नव्हता. तो उघडून, दांड्या बांधून आम्ही माळ्यावर टाकला होता. अंगठी माझ्या कपाटात, डबीत.

मी चाचणी सुरू केली. एकेका स्पीकरमधून दोन सेकंद खरखर येते. नळ सोडल्यासारखी. आवाज खोलीभर गोल फिरतो. मी हातात आवाज मोजायचा मीटर धरला होता.

पुढचा डावा... बरोबर.

मधला... बरोबर.

पुढचा उजवा... मागचा उजवा... बरोबर.

मागचा डावा...

खरखर आली नाही.

टण्.

टण्.

टण्.

मला वाटलं, वायर सैल आहे. सैल वायर कुरकुरते, तडतडते. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी वाजत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी तेच वाटून घेतलं.

मी मागच्या दोन्ही स्पीकरांच्या वायरी आपसात बदलल्या. दोष कार्डात असेल तर आवाज आता उजवीकडून यायला हवा.

टण्... टण्... टण्.

डावीकडूनच. आणि स्क्रीनवर त्या स्पीकरची रेघ सपाट होती. कार्ड तिकडे काहीच पाठवत नव्हतं.

मी डाव्या स्पीकरची वायर उपटून हातात घेतली.

टण्... टण्... टण्.

वहिनी चहा घेऊन दारात आली होती. "झालं का तुमचं? कधी वाजणार ते?"

"हे वाजतंय ते काय?" मी विचारलं.

"कुठे काय वाजतंय?"

मी मीटरकडे पाहिलं. शांत खोलीत तो एकतीस डेसिबल दाखवत होता. मग अठ्ठावन्न. एकतीस. अठ्ठावन्न. एकतीस. अठ्ठावन्न.

यंत्राला ऐकू येत होतं. वहिनीला नाही.

मी कॉम्प्युटर बंद केला. मग भिंतीवरचं मुख्य बटणही. पंखा गरगरत मंदावला... थांबला. खोलीत काहीच उरलं नाही. आमचे श्वास तेवढे.

आणि मग...

टण्. टण्. टण्.

इकडे या.

मी दादाकडे वळले. तो खुर्चीत बसला होता. खिडकीकडे पाठ करून, कॉम्प्युटरकडे तोंड करून. अगदी पूर्वीसारखा. त्याचे दोन्ही हात वर गेले होते. कानांपाशी.

कान झाकायला नव्हे. त्याने बोटं वाकवली, काहीतरी पकडलं आणि दोन्ही बाजूंनी एकदम बाहेर ओढलं. मग ते काहीतरी मानेवर सोडलं.

त्याच्या कानांवर काहीच नव्हतं.

पण हेडफोन काढणाऱ्या माणसाचे हात मी रोज बघते. तपासणी संपली की प्रत्येक जण तसेच काढतो.

"दादा," मी म्हटलं, "त्या दिवशी तू हेडफोन घातले होतेस?"

"काय बोलतेस! कुठल्या दिवशी?"

"मंगळवारी."

 तेव्हा मी आठ महिने पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढली.

"बाबांच्या तळहाताला गंज लागायचा, म्हणून त्या दांडीला मी आदल्या रविवारी रंग दिला होता. सोमवारी दिवसभर मी घरी होते. रंग ओला म्हणून मी त्यांची अंगठी काढून ठेवली होती. मंगळवारी सकाळी परत घातली. संध्याकाळी त्या जागी लोखंड उघडं पडलं होतं. अकरा बाय चार. झोपेतल्या माणसाने एवढा रंग कसा उडवला, दादा?"

वहिनीने चहाचा ट्रे खाली ठेवला. "अहो, तुम्ही तर मला सांगितलं होतंत, की हात हातात धरला होता म्हणून."

मला हे ठाऊक नव्हतं. प्रत्येकीला त्याने वेगळं वाक्य दिलं होतं.

"रोज दहादा बोलवायचे," दादा म्हणाला. आवाज अगदी बारीक. "उशी सरकवा. पडदा ओढा. परत उघडा. तू संध्याकाळी तासभर बसायचीस आणि गुणाची लेक व्हायचीस. दिवसभर मीच ना? मी नुसता सिनेमा बघत होतो गं. शेवटची वीस मिनिटं राहिली होती."

"म्हणजे तुला ऐकूच आलं नाही?"

मला खरंच वाटत होतं की त्याने 'नाही' म्हणावं. तेवढं तरी. ऐकू न येणं हा दोष आहे. दोषाचं मी समजू शकते. माझं आयुष्यच त्यात गेलं आहे.



"आलं," तो म्हणाला. "तीनदा होतं. मला कळलं, तीनदा आहे ते. मग... मी आवाज वाढवला."

 पंखा बंद असल्याने मीटर आता एकतीसच्याही खाली होता. तो पुन्हा वर गेला नाही.

पुढच्याच आठवड्यात मी वहिनीचे कान तपासले. दोन्ही निर्दोष. मीटरही दुसऱ्या मीटरशी ताडून पाहिला. तोही निर्दोष. अंगठी डबीतच होती. माळ्यावर चढून बघितलं, दांड्या सुतळीने बांधलेल्या तशाच. मला कुठेही चूक सापडलेली नाही आणि माझ्या कामात याहून वाईट काही नसतं. हे लिहितानाही मीटर टेबलावर चालू ठेवला आहे. कारण 'इकडे या' ही हाक कुणाला होती, ते मला कळलेलं नाही. त्याला असेल तर मला का ऐकू आली? मला असेल तर... मी तरी आठ महिने कुठे गेले होते? ती उघडी पडलेली जागा मी त्याच संध्याकाळी पाहिली होती. मोजली होती. आणि विचारलं नव्हतं.

त्या रविवारी दुपारी मी मीटर बंद केला. जमिनीवर पसरलेल्या वायरी गुंडाळल्या. जुन्या सवयीने, सारख्या लांबीच्या. दादा खुर्चीतून उठला नव्हता.

"मोजपट्टी," तो म्हणाला, "काहीतरी बोल."

खिडकीजवळून काहीच आलं नाही. मी वाट पाहिली. निदान एकदा तरी वाजेल, असं वाटलं होतं.

मग मी बोलले.

"दादा, त्या पत्राला मी होकार कळवते आहे. मी या घरात राहणार नाही."