शून्याआडचं उणं

शीतगृहातले गुलाब काळे पडले होते आणि मालक लाल.

"या मावशींनीच यंत्राची कळ फिरवली! फुलं गोठवली आणि वर साळसूद चेहरा. आज यांचा शेवटचा दिवस!"

राखण करणाऱ्या मावशींचा आवाज चिरकला. "कळीला बोट लावलं असेल तर ते झडो! तापमानाच्या पडद्यावर शून्यच होतं. शून्याखाली गेलं की भोंगा बोंबलतो. तो बोंबलला का?"

"यंत्र जुनं आहे, कळ सैल आहे," मालक गुरगुरले, "म्हणूनच तर भोंगा बसवला!"

गुप्तहेर भाची आत शिरली. मागून मामा, दात वाजवत. हिच्याबरोबर हिंडण्यापेक्षा दातदुखी बरी, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं.

"मामा, फुलांच्या या बादलीत काय दिसतं?"

"पाणी. वर बर्फाची साय. थंडीत बर्फ नाही तर काय वाफ दिसणार?"

"आणि पडद्यावर?"

"शून्य! चल ना बाहेर, बाई माझे!"

"आता दार उघडं धरा."

मामांनी दार धरलं. खांदा भरून आला, चष्म्यावर धुकं चढलं, बादलीतली साय विरघळली. पडदा मख्ख. शून्य म्हणजे शून्य.

"बंद पडलाय मेला!" मामा करवादले.

"मुळीच नाही," पडद्याचा प्रोग्राम लिहिणारा मालकांचा मेहुणा फणकारला. "दाजींना दशांशाची कटकट नको होती. म्हणाले, आकड्यांचे देठ छाट. फुलवाल्यांची भाषा! मी डेटाबेसच्या क्वेरीतच, म्हणजे साठवलेले आकडे मागवतानाच, छाटले."

भाचीने कपाळाला हात लावला. "दोन पॉइंट नऊचे झाले दोन. ठीक. पण उणे शून्य पॉइंट नऊचं देठ छाटल्यावर काय उरतं?"

"शून्य," मेहुणा म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"उण्याची खूणही गेली, कारण शून्याला उणं-अधिक नसतं. भोंगा हाच छाटलेला आकडा वाचतो ना? मग बोंबलेल कशाला! बर्फ होता तेव्हाही शून्य, वितळला तेव्हाही शून्य. सैल कळ आपसूक सरकली, गुलाब उण्यात गोठले आणि पडदा शून्याचा जप करत बसला. मेहुणेबुवा, रात्रीचे आकडे न छाटता दाखवा."

पडद्यावर उण्यांची रांग उमटली. रात्रभराची.

मामांना सगळं कळलं नाही, पण दार सोडायला हरकत नाही एवढं कळलं.

मालक खाकरले. "मावशी, जरा गैरसमज झाला."

"जरा?"

मेहुणा छताकडे बघू लागला.

"चुकलं माझं," मालक म्हणाले. "कामावर या."

मावशींनी डोळे पुसले, बाह्या सरसावल्या आणि सगळ्यांना बाहेर पिटाळलं. "निघा आता. दार उघडं टाकून गप्पा मारताय, उरलेली फुलं कोमेजतील!"