लाल टोकाची गोळी

मोरेश्वरकाकांना वायोमिंगच्या डोंगरातला एक एल्क हवा होता. एकच! सांबराहून थोराड अंगाचा, डोक्यावर झाडोरा मिरवावा तशी शिंगं मिरवणारा नर. त्याच्या शिकारीचा टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, लॉटरीत निघावा लागतो, आणि काका अकरा वर्षं न चुकता अर्ज भरत होते. यंदा एकदाचा नंबर लागला. पण तोवर काका एकोणसत्तरीला टेकले होते, उजवा गुडघा बदलून झाला होता, हात थरथरू लागले होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की या मोसमानंतर उंचावर जाणं बंद. तेव्हा जे काही व्हायचं ते याच ऑक्टोबरात.

काकांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. इतक्या वर्षांच्या शिकारीत त्यांनी एकही जनावर जखमी करून सोडलं नव्हतं. ते राहत त्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात कुणी शिकारीला नाक मुरडलं की ते हेच सांगत, आणि वर सावजी मसाल्यातलं हरणाचं मटण वाढत. नाक मुरडणारे मग दोनदा मागून घेत.

निमिष त्यांच्या गल्लीतलाच. मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. ग्रीन कार्ड मिळाल्यावर त्याला नेमबाजीचा नाद लागला आणि काकांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. बंदूक धरणं, श्वास रोखणं, आणि मुख्य म्हणजे काडतूस भरणं. ही मंडळी तयार काडतुसं आणत नाहीत. पितळी नळकांडी, दारू, गोळी सगळं सुटं आणून तळघरातल्या प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, आपल्या हाताने भरतात. आणि त्यांचा एक कडक रिवाज आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलीत घालायचं नाही! आत काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक असतं.

हा रिवाज काकांनी जन्मात एकदाच मोडला. थरथरत्या हातांनी दारू सांडायला लागली, तेव्हा ते निमिषकडे आले.

"तूच भर बे आता," ते म्हणाले. "पण गोळी जाड कवचाची घे. एल्कचा खांदा म्हणजे चेष्टा नाही बाप्पा! हाड फोडून आत गेली पाहिजे. ती तुझी स्पर्धेची नाजूक गोळी नको. निशाणाच्या कागदाला हाडं नसतात."

निमिषने जाड कवचाच्या गोळ्या आणल्या, भरल्या, शंभर यार्डांवर काकांच्या रायफलीतून कागदावर झाडून पाहिल्या. तीन भोकं एका पुरीत मावतील इतकी पसरली. मग त्याच रायफलीतून त्याने आपली स्पर्धेची गोळी झाडली. तीन गोळ्या जवळजवळ एकाच भोकात! वजन तेच, टोकाला तसंच लाल प्लॅस्टिक. निमिष आकड्यांचा माणूस. जे मोजता येतं ते सुधारायचं, ही ऑफिसातली सवय हाडीमांसी भिनलेली. भोकं मोजता येत होती. एल्कचं हाड काही तळघरात ठेवलेलं नव्हतं. काकांची नजर अधू, हात कापरे, निदान गोळी तरी अचूक असावी, असा त्याने विचार केला आणि स्पर्धेच्या गोळ्या भरल्या. काकांना सांगितलं असतं तर वाद झाला असता. शिकार झाल्यावर सांगू, सरप्राइज!

रेंजवर काकांनी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून तीन झाडल्या. तिन्ही एका भोकात. "अबे, तुझ्या हातात जादू आहे!" म्हणून त्यांनी निमिषला मिठीच मारली. त्यानंतर तोंड कोण उघडणार?

शिकारीला तिसरी सोबतीण काकांची मुलगी मोना. डेन्व्हरला पॅरामेडिक, इथेच जन्मलेली, वडिलांपेक्षा वीतभर उंच आणि दुप्पट हट्टी. तिच्या आईने, पद्मिनीकाकूंनी, तिला फोनवर निक्षून सांगितलं होतं, "बाबांना धड परत आण." मटण आणायच्या कूलरमध्ये सावजी मसाल्याची बरणीही काकूंनीच पाठवली होती.

पहिले दोन दिवस नुसती चढण झाली. अॅस्पेनच्या झाडांची पिवळी पानं गळून वाटा निसरड्या झाल्या होत्या, ओढ्यांच्या कडेला बर्फाची पापडी धरली होती, आणि विरळ हवेत काका दर वळणावर काठी टेकून थांबत. थांबले की नागपूरच्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगत, म्हणजे धाप लागली आहे हे कुणाला कळू नये. मोनाला कळत होतं. ती नाडी बघायला हात पुढे करी आणि काका तो झिडकारून टाकत.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एल्क दिसला!

समोरच्या उतारावर, दीडशे यार्डांवर, तो गवतातून बाहेर आला. मान वळवली. शिंगांवर कोवळं ऊन पडलं.

"थांबा काका," निमिष कुजबुजला. "आडवा होऊ दे, कूस दिसू दे. खांद्याच्या मागे मारा."

"आडवा व्हायची वाट पाहिली तर जाईल खाली दरीत," काका पुटपुटले. "खांदाच फोडतो. जागीच बसेल. गोळी आहे ना तशी."

गोळी तशी नव्हती! निमिषने आत्ताच सांगायला हवं होतं. दोन शब्द पुरे होते. पण तो ते जुळवतच राहिला, आणि तेवढ्यात काकांनी दगडावर टेकवलेल्या रायफलीचा घोडा दाबला.

धाड!

एल्क गुडघ्यावर आला. "बसला!" मोना ओरडली. पण तो बसला नाही. धडपडून उठला, पुढचा पाय लोंबकळत असतानाच तीन पायांवर उसळला आणि झाडीत घुसला. काकांनी दुसरं काडतूस सरकवलं, तोवर समोर फक्त हलणाऱ्या फांद्या उरल्या होत्या.

"डॅड, यू हिट हिम! मी बघितलं, शोल्डरवरच लागली!"

"मग पडला काऊन नाही?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

माग काढत ते दरीत उतरले. रक्त होतं, पण थेंब थेंब. दगडांवरून, आडव्या पडलेल्या झाडांवरून, कंबरभर झुडपांतून माग खाली खालीच जात होता. काकांचा गुडघा सुजला. मोनाने पट्टी बांधली आणि परत फिरू म्हणाली. काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुपारी पश्चिमेला आभाळ काळवंडलं. वारा सुटला. तरी काका चालतच होते.

एका फरच्या झाडाखाली एल्क बसून गेल्याची जागा सापडली. दबलेलं गवत, साकळलेलं रक्त, हाडाची बारीक चूर. काकांनी वाकून रक्तातून काहीतरी उचललं. नखाएवढी तांब्याची चकती, बिस्किटाच्या पुड्याच्या चांदीसारखी पातळ. ती त्यांनी बोटांत दाबून पाहिली. सहज वाकली.

"निमिष," ते हळूच म्हणाले, "हे माझ्या गोळीचं कवच नाही."

निमिषला आता मूग गिळून बसणं शक्य नव्हतं. "काका, मी... मॅच बुलेट, ती स्पर्धेची, भरली होती. त्या दुसऱ्यांचा ग्रुप लूज येत होता यार, भोकं पसरत होती, आणि ही इतकी परफेक्ट लागत होती..."

"मला विचारलं काऊन नाही?"

"सरप्राइज द्यायचं होतं."

"मला, की त्या जनावराला?"

काका ओरडले असते, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ती चकती खिशात टाकली आणि पुढे चालू लागले. मोनाने निमिषकडे फक्त एकदा पाहिलं. त्या नजरेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अर्ध्या तासाने काटेरी तार आड आली. पलीकडे कुणाचंसं खासगी रान, खांबांवर प्रवेशबंदीचा नारिंगी रंग फासलेला. मालकाच्या परवानगीशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, बंदूक झाडायची तर नाहीच. एका तारेला केस आणि रक्त चिकटलं होतं. आणि पलीकडे, जेमतेम दोनशे यार्डांवर, तो उभा होता! मान खाली घातलेली. दर श्वासाला अंग हलत होतं.

काकांनी रायफल उचलली.

"डॅड, नो! इट्स इल्लीगल!"

"ठाऊक आहे मला. पण त्याला तसाच तडफडत ठेवायचा का आता?" काका म्हणाले. मग त्यांनी रायफलीकडे पाहिलं आणि ती खाली घेतली. "आणि मारू कशानं? आत काय भरलंय ते मला कुठं माहीत आहे!"

मोना सिग्नल शोधत टेकाडावर धावली. ती परतली तेव्हा बर्फ सुरू झालं होतं. रानाचा मालक फोन उचलत नव्हता. वन्यजीव खात्याचा वॉर्डन म्हणाला होता, वादळ थांबल्यावर सकाळी जाऊन बघतो, तुम्ही आधी तिथून निघा. एल्क लंगडत झाडीत शिरला. मग झाडीही दिसेनाशी झाली.

परतीची वाट म्हणजे मरणाशी झटापट होती! दहा पावलांपलीकडे दिसेना. मोना पुढे, मधे काका, मागे निमिष. वारा तोंडावर बर्फ फेकत होता. वाट कड्याच्या कडेने जात होती. काकांचा गुडघा लचकला. ते घसरले! निमिषने झेप घेतली आणि त्यांच्या पाठपिशवीचा पट्टा धरला. दोघेही ओढले गेले. पाय हवेत. खाली नुसतं पांढरं! निमिषने दुसऱ्या हाताने झाडाचं मूळ पकडलं, खांदा कडकडला, पण हात सोडला नाही. मोना पालथी पडून आली. तिने काकांची कॉलर धरली. इंच इंच ओढत दोघांनी त्यांना वर घेतलं. काकांची रायफल मात्र खाली गेली होती.

"काका, लागलं का?" निमिषने विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि उठायला हात मागितला. मोनाकडे.

तिन्हीसांजेला ते गाडीपाशी पोहोचले. तिघंही जिवंत होते, थंडीने बोटं काळी पडली नव्हती, आणि एवढंच काय ते नशीब. हीटरपुढे हात शेकून झाल्यावर काकांनी जाकिटातून टॅग काढला, चाकू उघडला आणि जनावर मारलं की कापायचे ते तारीख-महिन्याचे चौकोन कापून टाकले.

"डॅड, व्हाय? आपल्याला तो मिळाला नाही. सीझन संपायला अजून टाइम आहे. कायद्याने तुम्ही..."

"जनावर मी मारलं," काका म्हणाले. "टॅग संपला." अकरा वर्षांची वाट पाहणं दोन कापांत संपलं. कागदाचे तुकडे पायाशी पडले आणि ते कुणी उचलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परतीच्या रस्त्यावर वॉर्डनचा फोन आला. काकांना घरी पोचवायला सोबत निघालेल्या मोनाने तो स्पीकरवर घेतला. एल्क सापडला होता. सकाळपर्यंत जिवंत होता. कोल्ह्यासारख्या कोयोट्यांनी मागच्या बाजूने खायला सुरुवात केली होती. वॉर्डनने गोळी घालून त्याला सोडवलं.

"जखम कुठं होती?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

"खांद्यावर, बरोबर मधोमध," वॉर्डन म्हणाला. "नेम अप्रतिम होता, सर. गोळीच वरच्या वर फुटली."

दोन्ही बाजूंना नेब्रास्काची कापलेली मक्याची शेतं मागे जात होती. आजवर लांबच्या प्रवासात काका नेहमी पुढे, निमिषच्या शेजारी बसत. आज ते मागे होते. त्यांनी पिशवीतून उरलेल्या काडतुसांचा डबा काढला, झाकण उघडलं, लाल टोकांवरून अंगठा फिरवला. मग हात पुढे करून डबा निमिषच्या मांडीवर ठेवला.

"घे," ते म्हणाले. "तुझी आहेत. कागदावर मार. छान लागतात."